माळरान पर्यटन, सोलापूर जिल्ह्यातील

गवताळ माळ, त्यावरचे वन्यजीव आणि माळावर पोट भरणारी माणसे यांना धक्का न लावता, त्यांच्या पदरात चार पैसे पडतील अशा बेताने केलेले पर्यटन. जबाबदार पर्यटनाचा हा स्थानिक प्रकार असून त्याचे प्रमुख ठिकाण उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज (सोलापूरहून बार्शी रस्त्याने सु. २० किमी.) हे होय. पंढरपूर, अक्कलकोट येथील यात्रा यात धरत नाहीत.

संकल्पनेच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. ‘पर्यावरणीय पर्यटन’ ही संज्ञा मेक्सिकोचे वास्तुविशारद एक्तोर सेबायोस-लास्कुराइन यांनी १९८३ च्या सुमारास रूढ केली, असे बहुधा लिहिले जाते. तथापि निसर्गाची कमीत कमी हानी, यजमान संस्कृतीचा मान, तळच्या लोकांना जास्तीत जास्त लाभ आणि प्रवाशाचे समाधान ही चार अंगे निकोलस हेट्झर यांनी १९६५ मध्येच मांडली होती. संज्ञा कोणाचीही असो, आशयाचे श्रेय हेट्झर यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘जबाबदार पर्यटना’ला निश्चित रूप आले ते २००२ च्या केप टाउन जाहीरनाम्याने. भारतात केरळने २००८ पासून कुमरकोम येथे त्याचा प्रयोग केला.

सोलापुरात या विचाराला निमित्त झाला माळढोक (अर्डिओटिस नायग्रिसेप्स) हा गवताळ माळावरचा मोठा पक्षी. ढोक हे नाव एरवी करकोच्यासारख्या पाणथळीच्या पक्ष्यांना लावतात. माळढोक त्या कुळातला नव्हे. उंची आणि लांब पायांमुळे माळावरचा ढोक असे नाव पडले असावे. हूम हे दुसरे नाव मात्र नराच्या घुमणाऱ्या आवाजावरून आले, यात फारशी शंका नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. पक्ष्याला समोरचे नीट दिसत नसल्याने विजेच्या तारांवर आदळून मृत्यू ओढवतात.

१९७० च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात नान्नजच्या माळावर चराई रोखून गवत राखण्यात आले. त्याच सुमारास पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी तेथील माळढोकांकडे लक्ष वेधले. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र ८,४९६ चौ. किमी. असे देतात, पण हा आकडा जपून वाचावा. त्यात खाजगी शेते, गावे, रस्ते सारेच आले होते आणि प्रत्यक्ष वनजमीन तुकड्यातुकड्यांत विखुरलेली होती. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आल्याने पक्ष्याविषयी आपुलकीपेक्षा रोषच वाढला. पुढे क्षेत्र घटवून सु. १,२२२ चौ. किमी. करण्यात आले. दरम्यान नान्नज द्राक्षांवर उभे राहिले होते. सोनाका, शरद सीडलेस या जाती याच गावच्या.

अलीकडे माळढोक नान्नजला क्वचितच दिसतो. त्यामुळे ‘माळढोक पाहायला’ आलेला प्रवासी निराश होतो आणि माळ पाहायला आलेला सहसा होत नाही. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते. काळवीट, लांडगा, खोकड हे प्राणी. धाविक, चंडोल, हिवाळ्यात भोवत्या ससाणे हे पक्षी, असा ऐवज येथे आहे. धाविकाची अंडी ढेकळांच्या रंगाची. वाट सोडून गवतात घातलेल्या जीपचे चाक त्यांवरून गेले, तरी आतल्या माणसाला कळतही नाही. लांडग्याच्या घळीपाशी छायाचित्रकारांची गर्दी झाली की मादी पिले तोंडात धरून दुसरीकडे हलवते. म्हणून गाडी रस्त्यावरच ठेवणे, घळ व घरट्याचा ठावठिकाणा न सांगणे आणि स्थानिक वाटाड्या घेणे हे येथील किमान संकेत होत.

आर्थिक बाजू दुबळी आहे. पहाटे आलेली गाडी दहाच्या आत सोलापूर गाठते. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे पैसे शहरात जातात. ज्याची मेंढी लांडग्याने नेली आणि ज्याच्या ज्वारीत काळवीट शिरले, तो मेंढपाळ-शेतकरी या व्यवहारात कोठेच नसतो. हिवाळ्यातला हुरडा हा गावात पैसा थांबवणारा त्यातल्या त्यात सहज मार्ग. तो सध्या मुख्यतः कृषी पर्यटन केंद्रांकडे आहे. शेजारच्या पुणे जिल्ह्यात कडबनवाडी व शिर्सुफळ येथे वनविभागाने स्थानिक वाटाड्यांसह गवताळ सफारी सुरू केली आहे.

उजनी जलाशयाच्या काठचे रोहित (फ्लेमिंगो)-पर्यटन हा याचाच पाणथळीवरील भाऊबंद. त्याचे मुख्य थांबे, भिगवण व कुंभारगाव, पुणे जिल्ह्यात पडतात. तेथे मासेमारांनीच होड्या पर्यटकांसाठी काढल्या, आणि दुपारचे जेवणही बहुधा त्यांच्याच घरी होते.