टँजिअर येथील अमेरिकन वकिलात

मोरोक्कोच्या उत्तर टोकावरील टँजिअर शहराच्या जुन्या तटबंद वस्तीतील, म्हणजे मदिनेतील, ऐतिहासिक वास्तू व संग्रहालय. सुलतान मौलाय सुलेमान याने 1821 मध्ये ही वास्तू अमेरिकेला भेट दिली आणि ती त्या देशाची परदेशातील पहिली सरकारी मालमत्ता ठरली. या भेटीमागे जुना स्नेह होता: 1777 मध्ये मोरोक्कोने आपली बंदरे अमेरिकन जहाजांना खुली केली होती आणि 1786 मध्ये उभय देशांत मैत्रीचा तह झाला होता. मोरोक्कोत आलेले परदेशी प्रतिनिधी सुलतानाच्या राजधानीत नव्हे, तर टँजिअरमध्येच राहत असल्याने या घराला विशेष महत्त्व आले.

मूळचे लहान दगडी घर शेजारची घरे जोडत वाढत गेले. त्यामुळे आतील रचना सरळ नाही; खोल्यांतून चौकात, चौकातून जिन्यावर असे फिरावे लागते आणि वास्तूचे दोन भाग गल्लीवरून बांधलेल्या कमानीने सांधलेले आहेत. दालनांत जुने नकाशे, चित्रे व पत्रव्यवहार मांडलेला आहे. जेम्स मॅकबे या स्कॉटिश चित्रकाराने रंगवलेले झोहरा नावाच्या मुलीचे चित्र ‘मोरोक्कोची मोनालिसा’ म्हणून ओळखले जाते. टँजिअरमध्ये दीर्घकाळ राहिलेले अमेरिकन लेखक व संगीतकार पॉल बोल्स यांच्यासाठी स्वतंत्र दालन आहे.

सर्वांत रंजक कागद मात्र 1839 मधील आहे. अमेरिकन अधिकाऱ्यांना परकीय राजांकडून भेटी घेण्यास मनाई असल्याचे सांगून येथील अमेरिकन वाणिज्यदूत टॉमस कार यांनी सुलतानाने पाठवलेली सिंह-सिंहिणीची जोडी नाकारू पाहिली. परंतु भेट परत नेणे सुलतानाच्या माणसांनाही शक्य नव्हते, आणि अखेर ही जनावरे वकिलातीच्याच एका खोलीत ठेवावी लागली. पुढे अमेरिकेत त्यांचा लिलाव झाला. राजशिष्टाचाराची अडचण याहून नेमकी दाखवणारा कागद विरळाच.

वकिलातीचे कामकाज 1961 मध्ये येथून हलले. इमारत काही काळ इतर कामांसाठी वापरली गेली आणि 1976 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने ती भाडेपट्ट्याने घेऊन संग्रहालय उभारले. मालकी आजही अमेरिकन सरकारकडेच आहे. 1982 मध्ये तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, जो परदेशातील वास्तूंना क्वचितच मिळतो. मदिनेतील स्त्रियांसाठी साक्षरतेचे वर्गही येथे चालवले जातात.