चढ आणि सहसंबंध: हिंदी सिनेमा खरंच आखूड होत गेला का?

‘पूर्वीचे पिक्चर कसे तीन-साडेतीन तासांचे असायचे!’ हे घरोघरी ऐकू येतं. खरं-खोटं तपासायला दहावीचं गणित बऱ्यापैकी पुरतं. पण उत्तर काढताना दोन आकडे हमखास एकमेकांत मिसळतात: रेषेचा चढ (ठिपक्यांमधून काढलेली सरळ रेषा किती वेगाने चढते-उतरते) आणि सहसंबंध गुणांक (ठिपके त्या रेषेला किती चिकटून आहेत). दोन्ही उणे आले की ‘लांबी घटते आहे’ म्हणून माणसं मोकळी होतात. एक आकडा पाहून दुसऱ्याबद्दल बोलणं ही चूक इतक्या ठिकाणी दिसते की तिच्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

पाच गाजलेले सिनेमे घेऊ. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) १९७ मिनिटं, ‘शोले’ (१९७५, मूळ आवृत्ती) २०४, ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) १८९, ‘थ्री इडियट्स’ (२००९) १७० आणि ‘दंगल’ (२०१६) १६१. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर मिनिटं. ठिपके मांडले की ते उजवीकडे उतरताना डोळ्यांनाच दिसतात.

आता वहीत हिशोब करू. वर्षांची सरासरी येते १९९१ आणि मिनिटांची १८४.२. ‘शोले’ सरासरी वर्षाच्या १६ वर्षं आधी आणि सरासरी लांबीपेक्षा १९.८ मिनिटं जास्त; गुणाकार उणे ३१६.८. ‘दंगल’ २५ वर्षं नंतर आणि २३.२ मिनिटं कमी. गुणाकार उणे ५८०. असे पाचही गुणाकार मिळवले की बेरीज होते उणे १५३०.

गोंधळाचं मूळ इथेच आहे, कारण ही उणे १५३० दोन्ही आकड्यांच्या अंशस्थानी बसते. फरक फक्त छेदात. वर्षांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २१८२. तिने भागलं की चढ मिळतो, उणे ०.७०. मिनिटांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १३१८.८, या दोन बेरजांच्या गुणाकाराचं वर्गमूळ साधारण १६९६. त्याने भागलं की सहसंबंध गुणांक, उणे ०.९०. अंश एकच असल्यामुळे दोघांचं चिन्हही नेहमी सारखंच येतं, आणि म्हणून ते जुळे भाऊ वाटतात.

पण दोघं सांगतात ते अगदी वेगळं. चढाला एकक आहे: वर्षाला ०.७ मिनिटं, म्हणजे दशकाला सात मिनिटांची घट. त्यातून समीकरणही उभं राहतं: मिनिटं = २०६ − ०.७ × (१९६० नंतरची वर्षं). सहसंबंध गुणांकाला एकक नाही. तो उणे १ ते अधिक १ यांच्यातच राहतो आणि ठिपके रेषेला किती चिकटून आहेत तेवढंच सांगतो. दशकाला फक्त एक मिनिट, पण न चुकता घटलं असतं, तर चढ जेमतेम उणे ०.१ आणि गुणांक थेट उणे १ आला असता.

सिनेमाआधी पडद्यावर येणारं सेन्सॉरचं सर्टिफिकेट आठवा. त्यावर रिळं आणि मीटर लिहिलेले असायचे. ३५ मिमीची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर पळते. मिनिटांऐवजी मीटर घेतले तर चढ उणे ०.७० चा उणे १९ होतो. गुणांक उणे ०.९० च राहतो.

आता ‘लगान’ (२००१) आणू, २२४ मिनिटं. मला तो वगळणं मुळातच पटत नव्हतं. पाच ठिपक्यांच्या सुबक रेषेपेक्षा एवढा मोठा सिनेमा महत्त्वाचा. सहा ठिपक्यांवर चढ होतो उणे ०.५३ आणि गुणांक उणे ०.४९. चढ पावभर सौम्य झाला, पण गुणांक जवळपास निम्म्यावर आला. घट अजून दशकाला पाच मिनिटांची दिसते, पण तिच्यावर भरवसा ठेवण्याजोगी शिस्त ठिपक्यांत उरलेली नाही. नुसता चढ पाहणाऱ्याला हे कळणारच नाही.

आणि हे सगळे सिनेमे मी निवडलेले आहेत, हेही विसरू नये. १९६९ चा बिनगाण्यांचा ‘इत्तेफाक’ पावणेदोन तासांच्या आत संपतो. तो घेतला असता तर रेषेची डावी बाजू लगेच खाली आली असती. ठाम उत्तरासाठी प्रत्येक दशकातले सिनेमे एका ठरलेल्या नियमाने, आवडनिवड बाजूला ठेवून घ्यावे लागतील.

शेवटी सातवा ठिपका: ‘अ‍ॅनिमल’ (२०२३), २०१ मिनिटं. आता चढ येतो उणे ०.३१ आणि गुणांक उणे ०.३२. वहीत शेजारी लिहिले तर ते एकच वाटावेत. मग मिनिटांचे तास करून पुन्हा मांडा: चढ उणे ०.००५ वर येतो आणि गुणांक उणे ०.३२ वरून हलत नाही.