रेड वाइन बाधते, व्हिस्की मानवते. असं का होतं?
(आमच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, पुणे)

आठवड्यातून दोन-तीनदा तरी काउंटरवर हा प्रश्न येतोच. "काका, रेड वाइन घेतली की माझं डोकं धरतं, व्हिस्कीने काही होत नाही. बिनसल्फाइटची वाइन आहे का?" मागे रांग असते, याचं नीट उत्तर तिथं देता येत नाही, आणि अर्धवट उत्तर देऊन बाटली हातात ठेवणं आम्हाला पटत नाही. म्हणून हे पत्रक काढलं. आम्ही डॉक्टर नाही. जे वाचलं, ग्राहकांकडून ऐकलं आणि ओळखीच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं, तेवढंच इथं लिहिलं आहे.

आधी हिशेब

"मी फक्त एक बिअर घेतली होती, तरी सकाळी उठवेना," असं सांगणाऱ्यांना आम्ही आधी बाटली उलटी करून लेबल वाचायला लावतो. ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरमध्ये ८ टक्के अल्कोहोल धरलं, तर शुद्ध अल्कोहोल होतं ५२ मिली. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ते जेमतेम १३ मिली असतं. म्हणजे 'एक बिअर' म्हणजे चार स्मॉल पेग. वाइनचंही तसंच. १३ टक्क्यांची एक बाटली दोघांनी मिळून संपवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ चार स्मॉल पेग येतात. दोन पेग व्हिस्की मोजून घेणारा माणूस अर्धी बाटली वाइन न मोजता पितो आणि दोष द्राक्षांना देतो. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी या हिशेबापाशीच मिटतात. हिशेब सारखा असूनही त्रास होत असेल, तर पुढचं वाचा.

रेड वाइन आणि बिचारं सल्फाइट

वाइन टिकावी म्हणून तिच्यात गंधकाचं संयुग घालतात, तेच सल्फाइट. लेबलवर त्याचा उल्लेख असतो, म्हणून डोकेदुखीचा आळ पहिल्यांदा त्याच्यावर येतो. पण सहसा रेडपेक्षा व्हाइट वाइनमध्येच सल्फाइट जास्त असतं. युरोपमध्ये साध्या कोरड्या रेडला लिटरमागे १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, व्हाइटला २०० ची. व्हाइटने काही होत नाही आणि रेडने डोकं दुखतं, तर सल्फाइट हे कारण असण्याची शक्यता फार कमी. केशरी रंगाच्या जर्दाळूत आणि गंधकाची धुरी दिलेल्या पिवळ्या बेदाण्यातही सल्फाइट असतं, आणि ते आपण मूठमूठ खातो.

मग डोकं का दुखतं? अल्कोहोल पोटात गेल्यावर यकृत त्याचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट. मधलं ॲसिटाल्डिहाइड विषारी. ते साचलं की चेहरा लाल होतो, धडधडतं, मळमळतं, डोकं ठणकतं. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी २०२३ साली असं मांडलं की लाल द्राक्षांच्या सालीतलं क्वेर्सेटिन शरीरात गेल्यावर ज्या रूपात बदलतं, ते ॲसिटाल्डिहाइड साफ करणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. द्राक्षाच्या घडावर ऊन जितकं जास्त, तितकं क्वेर्सेटिन जास्त. हे प्रयोगशाळेत दिसलं आहे, माणसांवर अजून सिद्ध व्हायचं आहे. पण एकच माणूस एका रेडने आडवा होतो आणि दुसरी रेड त्याला चालते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्याच्याशी हे जुळतं.

दुसरा संशयित हिस्टामाइन. आंबवताना तयार होणारा हा पदार्थ रेड वाइनमध्ये व्हाइटपेक्षा जास्त असतो. आपल्या आतड्यातलं एक एन्झाइम तो मोडून टाकतं, पण अल्कोहोल त्या एन्झाइमचं काम मंदावतं. ज्यांच्यात ते मुळातच कमी, त्यांना नाक चोंदणं, शिंका, खाज, डोकेदुखी होते. सोबत जुनं मुरलेलं चीज असेल तर भर पडते, कारण त्यातही हिस्टामाइन असतं.

सल्फाइट निर्दोष मात्र नाही. दम्याच्या काही रुग्णांना ते खरोखर बाधतं. माझ्या थोरल्या बहिणीला दमा आहे. घरच्याच एका समारंभात तिने व्हाइट वाइनचे चार घोट घेतले आणि दहा मिनिटांत छाती भरून आली. पंप पर्समध्ये होता म्हणून निभावलं. तेव्हापासून व्हाइट वाइन मागणाऱ्याला मी दम्याचं विचारतोच. कुणाला ती उगाच चौकशी वाटते, पण मी विचारणं सोडणार नाही.

बिअर, आणि चकणा

बिअरमध्ये बार्लीची प्रथिनं शिल्लक राहतात. बाणेर-कोरेगाव पार्कच्या ब्रूअरींत मिळणाऱ्या व्हीट बिअरमध्ये गव्हाचीही असतात. गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक (गहू-बार्लीतलं ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार) असणाऱ्यांनी बिअरच्या वाटेला जाऊ नये. व्हिस्की, व्होडका ऊर्ध्वपातनातून येतात, त्यात ही प्रथिनं मागेच राहतात. त्यामुळे बिअरने अंगावर गांधी उठतात आणि व्होडकाने नाही, असं होऊ शकतं.

संधिवातातला जो गाउट, त्यालाही बिअर वाईट, कारण तिच्यातले प्युरिन युरिक ॲसिड वाढवतात. अमेरिकेत ४७ हजार पुरुषांवर बारा वर्षं चाललेल्या पाहणीत (२००४) गाउट होण्याचा सर्वांत जास्त धोका बिअर पिणाऱ्यांना दिसला, स्पिरिटवाल्यांना त्याहून कमी. ज्यांना गाउट आधीच आहे, त्यांना मात्र कुठल्याही दारूने पायाचा अंगठा सुजू शकतो.

आणि चकण्याकडे बघा. मसाला शेंगदाणे, कोळंबी, अंडं ही ॲलर्जीची नेहमीची कारणं. एरवी थोडी सोसणारी ॲलर्जी दारूसोबत भडकू शकते. ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, अंगभर गांधी असं झालं तर 'उतरेल थोड्या वेळात' म्हणत बसू नका, १०८ ला फोन करा.

गडद आणि फिकी

बरबन (अमेरिकी व्हिस्की), ब्रँडी, डार्क रम यांत अल्कोहोलसोबत इतर संयुगंही बरीच येतात. त्यांना काँजेनर म्हणतात; चव, वास त्यांच्यामुळेच. व्होडकाच्या तुलनेत बरबनमध्ये ती सदतीस पट असतात. २०१० साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगात व्होडका घेतलेल्यांपेक्षा बरबन घेतलेल्यांना सकाळचा हँगओव्हर जास्त जाणवला. पण लक्ष आणि कामाचा वेग दोन्ही गटांचा सारखाच घसरला होता. व्होडका घेऊन सकाळी बरं वाटलं, म्हणून गाडी चालवण्याजोगे आहात असं धरू नका.

गोळ्या चालू असतील तर

हा भाग सर्वांत महत्त्वाचा, कृपया घरातल्यांनाही वाचायला द्या.

१९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये याकोबसेन आणि हाल्ड हे दोघे संशोधक डायसल्फिराम हे औषध जंतांवर चालेल का, ते तपासत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं, आणि नंतर थोडी दारू घेतल्यावर दोघांनाही भयंकर त्रास झाला. औषधाने ॲसिटाल्डिहाइड साफ करणारं एन्झाइमच बंद पाडलं होतं. तेच पुढे दारू सोडवण्याचं औषध झालं. ते रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. काही घरांत ते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या भाजीत गुपचूप मिसळतात. त्यामागची तळमळ आम्ही समजू शकतो. पण न सांगता दिलेल्या या औषधावर तो माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत ही भीती राहते. कृपा करून असं करू नका.

पावसाळ्यात पोट बिघडलं की घेतली जाणारी मेट्रोनिडाझोल, तसंच टिनिडाझोल, नायट्याची ग्रिसिओफुल्विन, सेफोपेराझोनसारखी काही इंजेक्शनं, यांच्याबरोबर दारू घेऊ नये असंच सांगितलं जातं. पहिल्या दोन्हींसाठी तर कोर्स संपल्यावरही तीन दिवस थांबायचं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी प्यायली, तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, बरळणं, तोल जाणं हे सगळं नशेसारखंच दिसतं, आणि सोबतचे लोक त्याला झोपवून देतात. असा माणूस दिसला तर आधी साखर तपासा.

हातभट्टीबद्दल थोडंच. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. कारण होतं मिथेनॉल. प्यायल्यावर कित्येक तासांनी नजर अंधुक होऊ लागली, तर ते हँगओव्हर समजू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

पुढच्या वेळी बाधलं, तर

बाटली टाकण्याआधी लेबलच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. किती मिली घेतली, किती वेळात, सोबत काय खाल्लं, कुठली गोळी चालू होती आणि त्रास किती मिनिटांनी सुरू झाला, हे या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहा. दमा किंवा ॲलर्जी असेल तर 'बघू पुन्हा घेऊन' असा प्रयोग घरी करू नका, तो कागद आधी डॉक्टरांना दाखवा. नुसती डोकेदुखी किंवा जळजळ असेल तर आमच्याकडे आणा, लेबल वाचून काय टाळायचं ते आपण मिळून ठरवू. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा आलात तर निवांत बोलता येईल.