गोल्डन बॅरल कॅक्टस : मेक्सिकोतील दरीपासून पुण्यातील वाफ्यापर्यंत

पुण्याहून सोलापूर रस्त्याने हडपसरच्या पुढे गेले की रोपवाटिकांमध्ये सोनेरी काट्यांचे गोल कॅक्टस ओळीने मांडलेले दिसतात. विक्रेते त्यांना ‘गोल्डन बॅरल’ म्हणतात.

निवडुंग हा शब्द पुण्याला नवा नाही. नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाचे नावच त्याची साक्ष देते. मात्र तोडताच पांढरा चीक गाळणारा आपला त्रिधारी निवडुंग हा कॅक्टस नव्हे, तो एरंडाच्या कुळातला. कॅक्टसचे कूळ जवळजवळ सगळे अमेरिका खंडातले. फड्या निवडुंगही तिकडचाच असून, त्यावर पोसल्या जाणाऱ्या किड्यांपासून किरमिजी रंग मिळवण्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने भारतात अशा निवडुंगांची लागवड करून पाहिली होती.

गोल्डन बॅरल मात्र केवळ शोभेसाठी जगभर गेला. मॅग्डेबर्गचे कारखानदार हेर्मान ग्रुझोन यांना कॅक्टसचा मोठा छंद होता आणि त्यांच्याच सन्मानार्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वनस्पतीला ‘एकिनोकॅक्टस ग्रुझोनी’ हे नाव मिळाले. 2014 मध्ये तिच्यासाठी ‘क्रोनलाइनिया’ ही स्वतंत्र प्रजाती सुचवली गेली, तरी ग्रुझोन यांचे नाव कायम राहिले.

तिचे मूळ घर म्हणजे मेक्सिकोतील केरेतारो राज्याच्या सीमेवरची मोक्तेसुमा नदीची खडकाळ दरी. 1990 च्या दशकात तेथे सिमापान धरण झाले आणि या वनस्पतीच्या वस्तीचा मोठा भाग पाण्याखाली गेला. धरणाच्या पोटात काय काय गडप होते, हे मुळशीच्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही. धरणाआधीही रोपे उपटून नेणाऱ्यांनी नुकसान केलेच होते. त्यामुळे जगभरच्या बागांत लाखोंनी दिसणारी ही वनस्पती स्वतःच्या घरी आज धोक्यात आहे, आणि ही विसंगती मला फार बोचते. बियांपासून वाढवलेले रोपच घ्यावे, हा आग्रह त्यातूनच आला आहे.

दरीचा हा इतिहास लागवडीलाही उपयोगी पडतो. उतारावरच्या खडकांत तिच्या मुळाशी पाणी थांबत नसे. पुण्याचे कोरडे आठ महिने तिला मानवतात, पण जून ते सप्टेंबरचा पाऊस काळ्या मातीत साचला की बुंधा खालून मऊ पडतो, आणि वरचे काटे तसेच चमकत असल्यामुळे ही कूज बऱ्याचदा उशिरा कळते. म्हणून मी वाफा हातभर उंच आणि उतरता केला, त्यात मुरूम, जाड वाळू व विटांचे तुकडे घातले आणि पावसाळ्यात वर पारदर्शक पत्रा बसवला. सावलीत वाढलेले रोप एप्रिलच्या उन्हात एकदम आणले तर सालीवर पडलेला डाग कायमचा राहतो, त्यामुळे ते हळूहळू उन्हाला सरावू द्यावे लागते. फुलांसाठी बरीच वर्षे धीर धरावा लागतो. मग एखाद्या उन्हाळ्यात शेंड्यावरच्या पिवळसर लोकरीतून लहान पिवळी फुले कडे करून वर येतात.