केप द्वीपकल्पाचा किनारी रस्ता

केप द्वीपकल्पाचा किनारी रस्ता : दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाला केप टाउन शहरापासून केप पॉइंटच्या कड्यापर्यंत उतरत गेलेल्या डोंगराळ द्वीपकल्पाला वळसा घालणारा रस्ता. हा एका नावाचा सलग महामार्ग नाही. एम ४, एम ६५ आणि एम ६ या क्रमांकांचे किनाऱ्यालगतचे रस्ते एकापुढे एक जोडले की सुमारे दीडशे किलोमीटरची फेरी तयार होते. मोटारीने ती एका दिवसात पुरी होते, पण त्यासाठी सकाळी लवकर निघावे लागते.

मुई पॉइंटपासून केप पॉइंटपर्यंत या द्वीपकल्पाची लांबी ५२ किमी आहे. उत्तरेला सुमारे १,०८५ मीटर उंचीचा टेबल माउंटन आणि तिथून दक्षिणेकडे कमीअधिक उंचीने गेलेला डोंगरांचा कणा, अशी त्याची ठेवण. रुंदी इतकी थोडी की काही ठिकाणी एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जायला वीस मिनिटेही लागत नाहीत. तरीही या कण्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे समुद्र आहेत. पूर्वेला फॉल्स बे हा रुंद, उथळ उपसागर, तर पश्चिमेला उघडा अटलांटिक. उन्हाळ्यात आग्नेयेकडून वारा सुटला की पश्चिम किनाऱ्याचे वरचे पाणी समुद्रात लोटले जाते आणि तळचे थंडगार पाणी वर येते. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरच्या म्यूझेनबर्गला लोक तासन् तास पाण्यात खेळत असतात, त्याच दुपारी पश्चिमेच्या कॅम्प्स बेच्या पाण्यात पाऊल टाकताच पोटऱ्या बधिर होतात. अर्ध्या दिवसात हा फरक स्वतःच्या पायांना कळतो, हे या फेरीचे खरे वैशिष्ट्य आहे. दगड, वारा, झाडोरा आणि माणसांचा इतिहास, सगळेच इथे कण्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे आहे.

फेरी कोणत्या दिशेने करावी, याबद्दल दोन मते आहेत. बऱ्याच सहली आधी अटलांटिकच्या बाजूने निघतात. पण दक्षिण आफ्रिकेत वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे पूर्व किनाऱ्याने दक्षिणेला जाऊन पश्चिम किनाऱ्याने परत आले, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरले, तर समुद्र सतत डाव्या हाताला, आपल्याच बाजूला राहतो. थांब्यावर वळायला समोरची वाहने आडवी येत नाहीत. शिवाय पश्चिम किनाऱ्यावरचा चॅपमन्स पीकचा कडा संध्याकाळच्या उन्हात सापडतो. हीच दिशा चांगली, आणि पुढचे वर्णनही तिलाच धरून केले आहे.

शहराबाहेर पडल्यावर समुद्र पहिल्यांदा भेटतो तो म्यूझेनबर्गला. १७९५ मध्ये इंग्रज आणि डच यांची लढाई इथल्या किनारपट्टीवर झाली आणि केपची वसाहत इंग्रजांच्या हाती गेली. आज त्याहून जास्त ओळखल्या जातात त्या वाळूवरच्या लाल, पिवळ्या, निळ्या लाकडी खोल्या आणि फळी घेऊन लाटांवर उभे राहायला शिकणारी मुले. लाटा लांबवर आणि हळू फुटतात, म्हणून नवशिक्यांना हा किनारा मानवतो. पांढऱ्या शार्कवर नजर ठेवणारे पहारेकरी २००४ पासून वरच्या डोंगरावर दुर्बीण घेऊन बसतात. खाली झेंड्याचा रंग बदलला किंवा भोंगा वाजला की पाण्यातली माणसे बाहेर येतात.

पुढे सेंट जेम्स आणि कॉल्क बे. इथे रस्ता आणि आगगाडीचे रूळ शेजारी शेजारी, समुद्राला खेटून धावतात. भरतीला वारा असला तर लाटांचे तुषार रुळांवर येतात. कॉल्क बे हे नाव शिंपले भाजून चुना काढण्याच्या जुन्या भट्ट्यांवरून पडले. इथल्या कोळी घराण्यांत फिलिपिन्सहून आलेल्या खलाशांचे आणि आग्नेय आशियातून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज आहेत. स्नूक नावाची लांब, चंदेरी मासळी धक्क्यावर उतरते तेव्हा ती तिथेच साफ करून विकली जाते आणि टाकलेल्या तुकड्यांसाठी सील पायऱ्यांपर्यंत येतात. पुढच्या फिश हुक गावाच्या जमिनीची सनद १८१८ मध्ये दिली गेली, ती इथे दारूचे दुकान असू नये या अटीवर.

सायमन्स टाउन हा या बाजूचा सर्वांत गुंतागुंतीचा मुक्काम. हिवाळ्यात वायव्येची वादळे केप टाउनसमोरच्या टेबल बे या उपसागरातली गलबते फोडत. म्हणून डच ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकात हिवाळी नांगरासाठी हा आडोसा निवडला. पुढे तो ब्रिटिश आरमाराचा तळ झाला आणि १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात आला. चौकात एका ग्रेट डेन कुत्र्याचा पुतळा आहे. जस्ट न्यूसन्स नावाचा हा कुत्रा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आरमारात रीतसर भरती झालेला होता. येणारे बहुतेक जण या पुतळ्याशेजारी छायाचित्र काढतात. पण या गावाची दुसरी गोष्टही सांगायला हवी. १९६७ मध्ये वर्णभेदाच्या राजवटीने ग्रुप एरियाज कायद्याखाली सायमन्स टाउन ‘गोऱ्यांचे’ म्हणून जाहीर केले आणि पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेल्या हजारो लोकांना घरे सोडावी लागली. सरकारी भाषेत ‘कलर्ड’ म्हटल्या जाणाऱ्या अनेक कुटुंबांना डोंगरापलीकडे, किनाऱ्यापासून आत वसवलेल्या वस्तीत नेण्यात आले. त्या वस्तीला नाव दिले ओशन व्ह्यू. पश्चिमेच्या रस्त्यावर कॉमेकीजवळ तिचा फाटा लागतो. ज्यांच्या अंगणात समुद्र होता त्यांना समुद्राच्या नावाची वस्ती मिळाली, हे मनात ठेवून तो फाटा ओलांडावा. एरवी तो नुसती एक पाटी म्हणून मागे पडतो.

गावाबाहेर ग्रॅनाइटच्या गोल, घरांएवढ्या शिळांच्या आडोशाला बोल्डर्सची चौपाटी आहे. १९८२ मध्ये आफ्रिकन पेंग्विनच्या दोन जोड्या इथे येऊन राहिल्या. पुढे वस्ती वाढत जाऊन काही हजारांवर गेली. लाकडी पायवाटेवरून जाताना ते अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. वाळूत खणलेल्या बिळाच्या तोंडाशी एक जण मान वर करून गाढवासारखा ओरडतो आणि दुसरा चोचीत काडी धरून डुलत येतो. तो देखावा आनंदाचा असला तरी जातीची स्थिती चांगली नाही. त्यांचे खाद्य असलेले सार्डिन आणि अँकोव्ही हे मासे आटत चालले आहेत आणि २०२४ मध्ये या पक्ष्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ प्रवर्गात झाली.

यानंतर घरे मागे पडतात. रस्ता चढू लागतो, डावीकडे फॉल्स बे खाली खाली जातो. स्मिट्सविंकेल बेच्या वळणावरून तळाशी थोडी घरे दिसतात. तिथवर मोटार जात नाही, सामान पायवाटेने उतरवावे लागते.

केप पॉइंटचा भाग टेबल माउंटन राष्ट्रीय उद्यानात येतो. आत जायला प्रवेशशुल्क आहे आणि संध्याकाळी फाटक बंद होते. आत झाडे जवळपास नाहीत. उघड्या माळावर फेन्बॉस नावाचा बारीक पानांचा, चिवट झुडपांचा झाडोरा पसरला आहे. एवढ्याशा द्वीपकल्पावर वनस्पतींच्या २,२०० हून अधिक जाती आहेत, आणि केपचा हा वनस्पतिप्रदेश २००४ पासून जागतिक वारसा आहे. फेन्बॉसला काही वर्षांनी आग लागावीच लागते. त्यातल्या कित्येक जातींचे बी राख आणि धूर यांशिवाय रुजत नाही. मोटारीतून उतरून गुडघे टेकून एक वीतभर जागा पाहिली तरच ही समृद्धी कळते. धावत्या काचेतून सगळा माळ करडा दिसतो.

पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियाश याने १४८८ मध्ये या भूशिराला वळसा घातला. वादळांचे भूशिर हे त्याने दिलेले नाव राजाने बदलून केप ऑफ गुड होप केले, असे परंपरा सांगते. १४९७ मध्ये वास्को द गामा इथूनच पुढे गेला आणि पुढच्या वर्षी कालिकतला पोहोचला. दोघांच्या नावाचे दोन मोठे क्रूस माळावर उभे आहेत. ती स्मारके आहेतच, पण दिशादर्शक खुणाही आहेत. समुद्रातून दोन्ही एका रेषेत दिसले की फॉल्स बेमधल्या व्हिटल रॉक या बुडीत खडकाची दिशा कळते. फॉल्स बे हे नावही खलाशांच्या चुकीतून आले. पूर्वेकडून परतणारी जहाजे अलीकडचे हँगक्लिप हे टोक केप पॉइंट समजून आधीच वळत आणि भलत्याच उपसागरात शिरत.

इथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. केप ऑफ गुड होप हे आफ्रिकेचे दक्षिण टोक नाही. ते केप अगुल्यास, इथून सुमारे दीडशे किमी आग्नेयेला. अटलांटिक आणि हिंदी महासागर यांची मान्य सीमाही तिथेच धरली जाते. थंड आणि उबदार प्रवाहांची गाठ मात्र कुठल्याच एका रेषेवर पडत नाही, ती ऋतूनुसार पुढेमागे होते. म्हणून केप पॉइंटच्या कठड्यावर उभे राहून पाण्यात दोन रंगांची रेघ शोधण्यात अर्थ नाही.

कड्यावरचे जुने दीपगृह १८६० मध्ये पेटले. समुद्रसपाटीपासून २३८ मीटर उंचीवर बांधल्यामुळे ते दूरवरून दिसत असे, आणि त्याच उंचीमुळे ढगात बुडून जात असे. १९११ मध्ये ल्युसिटानिया हे पोर्तुगीज जहाज समोरच्या बेलोज रॉकवर आपटले. त्यानंतर अगदी टोकाला, ८७ मीटरवर नवे दीपगृह उभारले गेले. चढण चढून जुन्या दीपगृहाशी जावे, पण नंतर पुढच्या पायवाटेने नव्या दिव्याच्या दिशेनेही थोडे उतरावे. एका दिव्याची चूक दुसऱ्याने कशी सुधारली, ते तिथून नजरेत भरते. या परिसरात बबून माकडे मोटारीचे दार उघडून खाऊ पळवतात. काचा बंद ठेवणे आणि त्यांना काहीही न देणे, हे त्यांच्याच भल्याचे आहे. माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या बबूनचा शेवट बहुधा वाईट होतो.

पश्चिम किनाऱ्यावर वळल्यावर वारा बदलतो. स्कारबरो, मग कॉमेकीचे ३३ मीटर उंचीचे पांढरे बिडाचे स्लँगकॉप दीपगृह, मग नूर्डहुकची रुंद, निर्जन वाळू. या वाळूत काकापो जहाजाचा बॉयलर गंजत पडला आहे. १९०० साली पहिल्याच सफरीवर, वादळात, त्याच्या कप्तानाने चॅपमन्स पीकलाच केप पॉइंट मानले, डावीकडे वळवले आणि जहाज सरळ किनाऱ्यावर चढले. नूर्डहुकला उभे राहून त्या शिखराकडे पाहिले की हा घोटाळा कसा झाला असेल ते समजते. शिखर खरोखरच जमिनीच्या शेवटासारखे समुद्रात घुसलेले दिसते.

चॅपमन्स पीकचा घाट नूर्डहुक ते हाउट बे असा ९ किमीचा असून त्यात ११४ वळणे आहेत. १९१५ ते १९२२ या काळात कैद्यांच्या श्रमावर तो कोरला गेला. तो इथे शक्य झाला याचे कारण दगडात आहे. खाली ५० कोटी वर्षांहून जुना, टणक ग्रॅनाइट आणि त्यावर आडव्या थरांचे, फोडायला सोपे गाळाचे खडक. रस्ता बराचसा या दोहोंच्या सांध्यावरून नेला आहे. म्हणजे चाकाखाली ग्रॅनाइटचा ओटा आणि डोक्यावर तांबूस, जांभळट थरांची भिंत. थांब्यावर उतरून भिंतीला हात लावला तर थरांमधल्या भेगांत बोट जाते. घाट देखणा झाला तो या थरांमुळे, आणि दरडीही याच थरांतून सुटतात. दरड कोसळून जीवितहानी झाल्यावर २००० मध्ये घाट बंद करावा लागला. त्याच वर्षी जानेवारीत द्वीपकल्पावर मोठा वणवा लागून उतारांवरचा झाडोराही जळाला. दगड अडवणाऱ्या पोलादी जाळ्या, डोंगराच्या पोटात कोरलेला अर्धा बोगदा आणि छतासारखी काँक्रीटची पडवी बांधून डिसेंबर २००३ मध्ये तो टोलरस्ता म्हणून पुन्हा सुरू झाला. टोलबद्दल नाराजी असणारे पुष्कळ आहेत. पण डोक्यावरची ती जाळी पाहिल्यावर पैसे कशावर खर्च होतात हे तरी कळते.

हाउट बे म्हणजे लाकडांचा उपसागर. डच वसाहतीने इथले जंगल तोडून नेले. किनाऱ्यावरच्या खडकावर १९६३ पासून काशाचा बिबट्या बसलेला आहे, कारण खरे बिबटे या डोंगरांतून त्याआधीच नाहीसे झाले होते. पुढची व्हिक्टोरिया रोड टॉमस बेन या रस्तेबांधणीतल्या निष्णात माणसाने १८८० च्या दशकात आखली. ट्वेल्व्ह अपॉसल्सच्या कड्यांखालून ती कॅम्प्स बे आणि सी पॉइंटमार्गे शहरात परत येते.

ऋतूंचा विचार करून निघावे. डिसेंबर ते फेब्रुवारी ऊन भरपूर, पण आग्नेयेचा वारा केप पॉइंटवर माणसाला तिरके करतो. जून ते ऑगस्ट पावसाचे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फेन्बॉस फुललेला असतो आणि फॉल्स बेमध्ये सदर्न राइट जातीचे देवमासे पिलांसह रस्त्यावरूनही दिसतात. १९७८ पासून मार्चमध्ये होणाऱ्या सायकल शर्यतीच्या दिवशी वाहनांना बराच मार्ग बंद असतो. पावसानंतर किंवा जोराच्या वाऱ्यात चॅपमन्स पीकही बंद ठेवतात, त्यामुळे नूर्डहुकला पोहोचण्याआधी चौकशी करून घ्यावी. तो बंद असेल तर कण्यावरून जाणाऱ्या ‘आउ कापसे वेग’ या घाटरस्त्याने परतावे लागते. तोही घाट सुंदर आहे. मात्र त्याच्या माथ्यावरून समुद्र दूर, दोन्ही बाजूंना निळ्या पट्ट्यांसारखा राहतो.