मॅपवरचा एक हेक्स नेमका केवढा ठेवायचा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), म्हणजे मित्रांनी एकत्र बसून पात्रं घेऊन खेळायचा गोष्टीचा गेम, किंवा त्या जातीचा कुठलाही फँटसी गेम चालवायला घेतला की नवा डीएम, म्हणजे टेबलावर सगळं जग सांभाळणारा माणूस, सगळ्यात आधी मॅप काढायला बसतो. समुद्र, दोन-चार डोंगररांगा, जंगल, जंगलात पडका किल्ला, आणि नावं अशी की म्हणताना जीभ अडकावी. शेवटी कोपऱ्यात स्केल लिहायची वेळ येते तेव्हा कंटाळा आलेला असतो, मग अंदाजपंचे 'एक चौकोन शंभर मैल' ठोकून दिलं जातं. पहिल्याच सेशनला कुणीतरी विचारतं, तो किल्ला पंधरा चौकोन लांब आहे ना, किती दिवस लागतील? हिशेब केला तर दोन महिने. संपलं कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी ती अख्खी गोष्ट.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्केल अंतरावरून ठरवूच नका, पायावरून ठरवा. माणूस सपाटीवर तासाला साधारण तीन मैल चालतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये डोंगर चढणाऱ्यांसाठी जो ठोकताळा दिला त्यातही तासाला तीन मैलच आहेत, वर दर दोन हजार फूट चढाईला एक तास जास्तीचा. आठ तास चाललात की २४ मैल, आणि डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत नॉर्मल चालीने दिवसाला नेमके २४ मैलच दिलेत. आता हे २४ मैल तुमच्या मॅपवर किती घरांत मोडतात तेवढं बघायचं. सहा मैलांचा षटकोन, म्हणजे हेक्स, घेतला तर दिवसाला चार घरं. वाटेत चार हजार फुटांचा घाट लागला तर दोन तास गेले, उरलेल्या सहा तासांत १८ मैल, म्हणजे तीन घरं. कॅल्क्युलेटर लागत नाही आणि प्रत्येक घराला 'इथं काय होतं' हे ठरवायला डीएमला जागाही मिळते.

हे एकदम जमलेलं नाही बरं का. १९७४ च्या मूळ गेममध्ये रानावनातल्या प्रवासासाठी चक्क दुसऱ्या कंपनीच्या एका बोर्डगेमचा बोर्ड वापरा असं सांगितलं होतं, आणि तिथं हेक्स पाच मैलांचा धरायचा होता. १९८० च्या ग्रेहॉकच्या, म्हणजे डी अँड डीच्या एका काल्पनिक जगाच्या, मॅपवर हेक्स थेट ३० मैलांचा होता. सहा मैल १९८१ च्या एक्स्पर्ट सेट नावाच्या नियमसंचाच्या काळात पक्के दिसायला लागतात, आणि आजच्या नियमांतही राज्याच्या मॅपला सहा मैलच सुचवलेत.

सहाच्या बाजूने अजून एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात आवडते. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे उभ्या माणसाला क्षितिज किती लांब दिसेल ते डोळ्याच्या उंचीवर ठरतं, मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणलं की किलोमीटर मिळतात. डोळे १.६ मीटरवर धरले तर साडेचार किलोमीटर, म्हणजे पावणेतीन-तीन मैल. आणि सहा मैलांच्या हेक्समध्ये मधोमध उभं राहिलं तर समोरची बाजू बरोब्बर तीन मैलांवर! म्हणजे मोकळ्या माळावर पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) हेक्सच्या मध्यात आली की तिला साधारण तो हेक्सच जमिनीवर दिसतो, पुढच्यात काय आहे ते तिथं गेल्याशिवाय कळत नाही. अर्थात तुमचं जग पृथ्वीएवढं असेल तरच. सपाट जग किंवा छोटा ग्रह असेल तर हे सगळं नव्याने मांडा.

चौकोन का नाही? कारण चौकोनात तिरकं गेलं की अंतर १.४१ पट होतं, आणि तिरकं पाऊलही एकच मोजलं तर तिरपा चालणारा ४१ टक्के फुकट पळतो. हेक्समध्ये सगळे सहा शेजारी सारख्याच अंतरावर.

आता लोक फसतात ते घराच्या पोटात किती मावतं यात. सहा मैलांचा हेक्स म्हणजे जवळपास ८१ चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर आणि गावं चाळीस हजारांच्या वर, म्हणजे एका गावाच्या वाट्याला सात-साडेसात. त्या हिशेबाने एका हेक्समध्ये दहा-अकरा गावं सहज बसली पाहिजेत, आणि आपण काय करतो, तर एक झोपडी काढतो आणि 'हे गाव' म्हणतो. ग्रेहॉकच्या हेक्समध्ये तर दोन हजार चौरस किलोमीटर मावतात, अख्खी मुंबई तीनदा ठेवून वर जागा उरेल. त्यामुळे 'हा हेक्स आपण शोधून झाला' असं पार्टी म्हणाली तर खुशाल हसा.

किनाऱ्याचंही तसंच. भारताचा समुद्रकिनारा आपण शाळेत साडेसात हजार किलोमीटर पाठ केला, आता तो अकरा हजारांवर गेलाय. जुनं मोजमाप १:४५,००,००० च्या नकाशावरून होतं, नवं १:२,५०,००० वरून, त्यामुळे खाड्या, वळणं, बेटं सगळी हिशेबात आली. म्हणून खंडाच्या मॅपवर बोट फिरवून 'किनाऱ्याने सहा दिवस' म्हणालात तर तेच अंतर राज्याच्या मॅपवर नऊ दिवसही भरू शकतं. असं झालं की सरळ वाढीव दिवस धरा, वाट वाकडी असतेच.

मारामारीचा मॅप हा वेगळाच प्राणी. तिथं एक इंचाचा चौकोन पाच फुटांचा, म्हणजे १:६०, मिनिएचर, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्तीही साधारण त्याच मापाच्या. आपली दहा बाय दहाची खोली तिथं फक्त चार चौकोन! चार हीरो उभे राहिले की राक्षसाला दारातच थांबावं लागेल. म्हणून बॅटलमॅपवरची खानावळ नेहमी मंगल कार्यालयाएवढी दिसते, आणि ते चुकलेलं नाही, खेळायला जागा लागते. गंमत म्हणजे सहा सेकंदांत तीस फूट ही तिथली चाल तासाला साडेतीन मैलांच्या आसपास येते, म्हणजे मोठ्या मॅपशी बऱ्यापैकी जुळते.

मैल डोक्यात बसत नसतील तर हेक्स दहा किलोमीटरचा करा. चाल तासाला पाच, आठ तासांत चाळीस, चार हेक्स. क्षितिज पुन्हा साधारण हेक्सच्या कडेलाच. फक्त उंच गोष्टींना हा नियम लावू नका, कारण दोन्हीकडची क्षितिजं, बघणाऱ्याचं आणि त्या उंच टोकाचं, बेरजेत धरायची असतात. आजूबाजूच्या सपाटीहून हजार मीटर उंच शिखराचं टोक स्वच्छ हवेत ११५ किलोमीटरवरूनही क्षितिजावर येऊ शकतं, म्हणजे अकरा हेक्स आधीपासून. तीन दिवस मोकळ्या रानात चालल्यावर डीएम म्हणाला की 'अचानक समोर ज्वालामुखी दिसला', तर त्याला विचारा, कालपर्यंत काय धुकं होतं का.