डोसच्या गणिताची जुनी मुळं

पहिल्यांदा वॉर्डात पोस्टिंगला आलेल्या मुली औषधांची अवघड नावं आठवड्याभरात पाठ करतात. अडतात त्या गणितापाशी. नागपुरात नर्सिंग शिकवताना मी हे दर वर्षी बघते. डॉक्टरांनी लहान बाळासाठी पॅरासिटामॉल १५० मिग्रॅ लिहिलंय, बाटलीवर आहे ५ मिलीत १२५ मिग्रॅ. भंडाऱ्याकडची एक मुलगी वहीच्या कोपऱ्यात १५० भागिले १२५ मांडते, आलेल्या १.२ ला पाचाने गुणते, ६ मिली. मग बाटली उजेडात धरून लेबल पुन्हा वाचते, कारण शेजारीच ५ मिलीत २५० मिग्रॅवाली बाटली आहे. तिच्यातून ३ मिलीच घ्यायचे.

पुस्तकात हे इंग्रजी सूत्र म्हणून येतं आणि मुली बिचकतात. हे तर आपलं त्रैराशिक! भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त त्याच्या तीन राशी आहेत: प्रमाण, फल आणि इच्छा. फलाला इच्छेने गुणायचं, प्रमाणाने भागायचं. १२५ हे प्रमाण, ५ हे फल, आणि डॉक्टरांची ऑर्डर ही इच्छा. एवढं सांगितलं की मुलींचे चेहरे खुलतात.

खरा घोळ मापांचा, आणि तोही जुनाच. त्याच ‘लीलावती’त मासा ५ गुंजांचा, तर सराफ्यातला मासा ८ गुंजांचा. असे १२ मासे म्हणजे एक तोळा. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला. ग्रेन हे त्यांच्या औषधविक्यांचंही माप, साधारण ६५ मिग्रॅचं: २० ग्रेनचा स्क्रुपल, ३ स्क्रुपलचा ड्रॅम, ८ ड्रॅमचा औंस. त्यात ग्रेन आणि ग्रॅमची इंग्रजी लघुरूपं इतकी सारखी की एकाच्या जागी दुसरं वाचलं तर डोस पंधरा पट चुकायचा. भारतात १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने आली. तरी ग्रेनची खूण गोळ्यांवर अजून आहे. ३२५ मिग्रॅ हा आडनिडा आकडा कुठून आला? ५ ग्रेनमधून.

इन्सुलिनची गोष्ट वेगळी. ‘मॅडम, एका युनिटचे मिग्रॅ किती?’ हा प्रश्न दर बॅचला येतोच. १९२२ मध्ये रुग्णांना इन्सुलिन द्यायला सुरुवात झाली तेव्हा ते शुद्ध रूपात मिळत नव्हतं, म्हणून वजनावर भरवसा ठेवता येईना. मग उपाशी सशाच्या रक्तातली साखर त्याने किती उतरते, यावरून युनिट ठरवलं. म्हणजे युनिट हे मुळात परिणामाचं माप. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचंही तसंच, पण त्याचं युनिट निराळं. त्यामुळे सगळ्या औषधांना चालेल असं युनिटचं मिग्रॅ करणारं कोष्टक नाही.

आपल्याकडे इन्सुलिनच्या वायल बहुतेक मिलीत ४० युनिटच्या, तर पेनमध्ये १००. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी. ४० च्या वायलमधून केशरी टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर येतात ०.२ मिली, म्हणजे जेमतेम ८ युनिट. उलट १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं तर ०.५ मिली, तब्बल ५० युनिट. इथे रुग्णाची साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते, म्हणून हा भाग मी कधीच घाईत उरकत नाही.

टक्क्यांचं त्या मानाने सोपं: १ टक्का म्हणजे १०० मिलीत १ ग्रॅम. लेबर रूममधल्या मॅग्नेशियम सल्फेटच्या ५० टक्के अँप्युलमध्ये २ मिलीत १ ग्रॅम असतो. ४ ग्रॅमसाठी ८ मिली घेतले आणि त्यात १२ मिली सलाईन घातलं की २० टक्के होतं. हे मी प्रत्येकीकडून फळ्यावर करून घेते, आणि उत्तर बरोबर आलं तरी शेजारणीकडून पुन्हा तपासायला लावते. इन्सुलिनच्या चार्टवर मात्र ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. नुसतं इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० वाचले जातात.